वाचकांचे प्रश्न : घाटात तापलेली गाडी आणि वाढत गेलेला खर्च

प्रश्न : आम्ही पावसजवळच्या एका गावात राहतो. गेल्या महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला नेत होतो. साखरपा सोडून आंबा घाट चढू लागल्यावर गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. सोबत वयस्कर आई, वर पाऊस आणि मागे वाहनांची रांग, म्हणून माथ्यावर पोहोचूनच थांबावे असे ठरवले; परंतु माथा येण्यापूर्वीच गाडी बंद पडली. टोचन लावून ती कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तेथे पहिल्या दिवशी २८,००० रुपये खर्च सांगितला, चार दिवसांनी फोनवर ८५,००० सांगितला आणि आता ‘सेकंडहँड इंजिन बसवू, स्वस्तात होईल’ असे म्हणतात. रेडिएटरमध्ये मी अधूनमधून घरच्या विहिरीचे पाणी भरत असे. गाडी नऊ वर्षांची आहे. पत्नी बांगड्या तारण ठेवू म्हणते. विम्यातून काही मिळेल का? की गाडी आहे तशी विकून टाकावी?
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : बांगड्या तूर्त घरातच राहू द्याव्यात. २८,००० आणि ८५,००० या दोन आकड्यांच्या मध्ये गॅरेजने नेमके काय उघडले, काय मोजले आणि काय खराब आढळले, हे आपल्याला अद्याप कोणीही सांगितलेले दिसत नाही. पैशांची सोय करण्याआधी ते समजून घेणे आवश्यक आहे.

इंजिन अति तापले की त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकू शकते. बहुतेक गाड्यांत ते ॲल्युमिनियमचे असते. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा घट्ट बंद ठेवणारी पातळ चकती, म्हणजे हेड गॅस्केट, उडते आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरू लागते. ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येणे आणि बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत जाणे, ही त्याची लक्षणे होत. नुकसान एवढ्यावरच थांबले असेल, तर हेड उतरवून फेसिंग करणे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणे, त्याला तडा आहे का हे पाहणे आणि नवे गॅस्केट बसवणे यांत काम भागू शकते. पिस्टन आणि सिलिंडर यांना ओरखडे पडले असतील, तर मात्र काम खालपर्यंत जाते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. आपल्या गॅरेजने या दोहोंपैकी काय पाहिले, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून शक्य असल्यास जाणकार माणूस सोबत घेऊन एकदा स्वतः कोल्हापूरला जावे आणि उतरवलेले हेड डोळ्यांनी पाहावे. सरळ पट्टी ठेवून ते किती वाकले आहे हे मोजून दाखवण्यास सांगावे, सिलिंडरच्या आतील भिंतींचे फोटो घ्यावेत. त्यानंतर सुट्या भागांची किंमत वेगळी, मजुरी वेगळी आणि बाहेरच्या लेथवर करून घ्यायचे काम वेगळे, असा लेखी अंदाज मागावा. त्याखाली ‘यापेक्षा अधिक खर्च माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये’ असे लिहून सही करावी आणि बदललेले जुने भाग परत हवेत, हेही त्याच कागदावर नमूद करावे. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट त्याचेही काम सोपे होते. मूळ कारण कोणते, हे विचारण्यास मात्र विसरू नये. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटरचा पंखा किंवा फुटलेला होज पाईप यांपैकी जे बिघडले होते ते तसेच राहिले, तर नवे गॅस्केटही त्याच घाटात पुन्हा उडेल.

विहिरीच्या पाण्याविषयी आपण मोकळेपणाने लिहिलेत, हे बरे केलेत. आपल्या किनारपट्टीवर पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि आतील धातू गंजतो. बाहेरून खारा वारा जाळी खातो, ते निराळेच. कूलंट केवळ गोठू नये म्हणून असते, या समजामुळे कोकणात त्याची गरज नाही असे अनेकांना वाटते. परंतु ते गंज रोखते आणि उकळण्याचा बिंदूही वाढवते. दुरुस्तीच्या वेळी संपूर्ण कूलिंग यंत्रणा धुऊन घ्यावी.

सेकंडहँड इंजिनाचा पर्याय मला तरी आपल्यासाठी योग्य वाटत नाही. त्या इंजिनाचा पूर्वेतिहास आपल्याला कळणार नाही. शिवाय इंजिन क्रमांक आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेला असतो, त्यामुळे इंजिन बदलायचे तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करावी लागते. ती केली नाही तर पुढे विक्रीच्या किंवा विम्याच्या वेळी अडचण येते.

विम्याविषयी स्पष्ट सांगणे भाग आहे. यांत्रिक बिघाड आणि झीज या गोष्टी नेहमीच्या मोटार विम्यात वगळलेल्या असतात, त्यामुळे या दुरुस्तीचे पैसे मिळण्याची आशा धरू नये. पॉलिसीत ‘रोडसाइड असिस्टन्स’ची जोड असेल, तर टोचनाचा खर्च मिळू शकतो का, एवढे अवश्य विचारावे.

आपल्या सांगण्यावरून जे काम झाले, त्याची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा अधिकार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार गॅरेजला आहे. म्हणून वाद झाला तर आपल्या लेखी हरकतीची नोंद करून रक्कम भरावी, पक्के बिल घ्यावे आणि गाडी सोडवून आणावी. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी कोल्हापूरला खेपा घालण्याची आवश्यकता नाही, रत्नागिरीतच तक्रार दाखल करता येईल.

विकण्याविषयी : दोन खरेदीदारांकडून गाडी आहे त्या स्थितीतील आणि दुरुस्तीनंतरची, अशा दोन्ही किमती विचाराव्यात. त्या दोहोंतील फरक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बराच कमी असेल आणि आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी दुसरी सोय होत असेल, तर विकण्यात काही गैर नाही.

पुन्हा कधी काटा चढला, तर मागच्या रांगेची पर्वा न करता पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. तोवर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू ठेवावा, म्हणजे इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते. थांबल्यावर इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडून लोक गंभीर भाजले आहेत.

प्रश्न : राजापुरात जवाहर चौकात पुराचे पाणी भरले आणि उभी असलेली आमची गाडी अर्धी बुडाली. पाणी ओसरले आहे. ती चालू करून पाहावी का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : कृपया किल्ली फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार काढावी. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षक येण्यापूर्वी इंजिन उघडू देऊ नये. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते. मात्र पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान सहसा नाकारले जाते आणि त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही वेगळी जोड घ्यावी लागते. दावा नाकारला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क अर्ज करता येतो.