ऑस्ट्रेलियातल्या हिरव्यागार वृक्षबेडकाच्या शास्त्रीय नावात ‘निळा’ कुठून आला?

मद्यार्कातून! शल्यवैद्य जॉन व्हाइट यांच्या १७९० च्या ग्रंथात या बेडकाचं नाव ‘राना सेरूलिया’ असं आलं. सेरूलिया म्हणजे निळी. बेडकाची हिरवी कातडी म्हणजे निळ्या झाकेवर पिवळ्या रंगद्रव्याचा थर. मेलेला बेडूक जपायला मद्यार्कात ठेवला, की तो पिवळा थर विरघळतो आणि नमुना निळा दिसू लागतो. अर्थ चुकला म्हणून जातीचं नाव, म्हणजे जोडनावातला दुसरा शब्द, बदलत नाही, आधी दिलेलं नावच टिकतं. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, नाहीतर जुन्या नोंदींचा माग लागलाच नसता. प्रजातीचं नाव, म्हणजे पहिला शब्द, मात्र इतर बेडकांशी असलेलं नातं नव्यानं कळलं की बदलतं. इथंही राना जाऊन पुढं हायला, लिटोरिया अशी नावं आली. म्हणूनच नावापुढं ‘व्हाइट, १७९०’ कंसात लिहितात: मूळ प्रजाती वेगळी होती, ही त्याची खूण.