देवाचं सगळं करते, तरी आनंद का होत नाही?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, जास्त करून पन्नाशी-साठीतल्या लोकांकडून. मध्यंतरी एक काकू आल्या होत्या (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). रोजची पूजा, अकरा माळा जप, गुरुवारी पोथी, सगळं न चुकता. आणि म्हणतात, "मॅडम, आत काहीच होत नाही हो, माझ्या श्रद्धेतच खोट आहे का?" बोलता बोलता रडायलाच लागल्या.

असं कोणी म्हटलं की मी आधी झोप, भूक, कशात रस वाटतो का ते विचारते. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, तिथे डॉक्टरच लागतो, "नामस्मरण वाढवा" सांगून भागत नाही. (सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फोनला पैसे पडत नाहीत.) काकूंचं तसं काही नव्हतं, जेवण-झोप व्यवस्थित, मैत्रिणींबरोबर फिरणं चालू. मग त्यांना कालची पूजा पहिल्यापासून सांगायला लावली तेव्हा कळलं की सगळा जीव कुकरच्या शिट्ट्या, दूधवाला आणि कितवी माळ झाली यातच अडकलेला, एकदाचं उरकलं की सुटले.

मी जपाबद्दल काहीच बोलले नाही. फुलं कुठली वाहता एवढंच विचारलं. पारिजातक, सोसायटीच्या गेटपाशी सडा पडतो तो वेचून आणतात. म्हटलं, उद्या परडी भरायच्या आधी एकच फूल हातावर घ्या आणि चार वर्षांचं पोर बघेल तसं बघा, नावसुद्धा माहीत नसल्यासारखं.

पुढच्या वेळी दारातूनच बोलत आल्या. "पाकळ्या सारख्या नसतात हो! कुठे पाच, कुठे सहा, एकाला तर आठ! इतकी वर्षं वाहतेय आणि कधी बघितलंच नाही." देठ चुरडून बोटं केशरी करून घेतली, मग आठवलं की या देठांनी पूर्वी कापडं रंगवायचे. आणि हे रात्रीच का फुलतं, हा प्रश्न. मी म्हटलं, पांढरी, घमघमणारी, रात्री उमलणारी फुलं बहुतेक पतंगांसाठी असतात, अंधारात सापडावीत म्हणून. "म्हणजे आपण घोरत असतो तेव्हा त्याचं हे सगळं चालू असतं!" त्या दिवशी पूजा लांबली, काका चहासाठी हाका मारत होते आणि काकूंना भानच नव्हतं.

माझ्या मते देवाजवळ जाणं ते हेच. 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साठीच्या पुढच्या 52 लोकांना आठवड्यातून एकदा 15 मिनिटं चालायला सांगितलं, 8 आठवडे. त्यातल्या निम्म्यांना लहान मुलासारखं नवलाने बघत चाला असं सांगितलं होतं, आणि त्यांच्यात आनंद, कृतज्ञता जास्त वाढलेली दिसली, चालताना काढलेल्या सेल्फीतलं हसूसुद्धा रुंदावलं.

रोज जमतं असं नाही. एखाद्या दिवशी फूल म्हणजे नुसतं फूलच असतं, तेव्हा नवल ओढूनताणून आणायचं नाही, नाहीतर तीही बारावी माळच होते. काकू आता विचारतायत की माळा कमी केल्या तर चालेल का, कमी केल्या की अपराधी वाटतं. ते अजून ठरलेलं नाही, पुढच्या भेटीत त्यावरच बोलणार आहोत.