ऑल्टेक १५६६ए ला फँटम देण्याआधी
जुना ट्यूब प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) आहे, घाई करू नकोस. फँटम म्हणजे माइकला त्याच्याच केबलमधून दिलेला ४८ व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (माइककडच्या वाइंडिंगचा) सेंटर टॅप, म्हणजे मधली तार, किंवा एखादी बाजू ग्राउंडला जोडलीय का, ते आधी मीटरने बघ. असेल तर सोडव, नाहीतर फँटम तिथेच ग्राउंड होईल. मग एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या) पिन २ आणि ३ ला ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून ४८ व्होल्ट दे. रेझिस्टर एकमेकांशी ०.४ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत; फरक राहिला तर प्रायमरीतून डीसी वाहतो, ट्रान्सफॉर्मरचा कोअर (धातूचा गाभा) मॅग्नेटाइज होतो आणि खर्जाचा आवाज बिघडतो. सप्लाय वेगळा, छोटा घे. ट्यूबच्या हाय व्होल्टेजमधून ४८ काढणं मला पटत नाही.

आणि हे नक्की ऐक: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. डिस्चार्ज करून मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालायचा नाही. फँटमला स्विच ठेव; रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीचा नाजूक माइक) लावताना तो बंद हवा.