घरी बहुतांशी व्हीगन (म्हणजे मांस, दूध, अंडी असं प्राण्यांपासूनचं काही नसलेला) नाताळ करायचा तर मुख्य पदार्थ कोणता ठेवावा, म्हणजे बाकीच्यांना जेवण अपुरं वाटणार नाही?

मुख्य पदार्थाची एवढी काळजी करू नका. नट रोस्ट (कुटलेल्या बदाम-अक्रोडांचा भाजलेला पदार्थ) करा, अख्खा फ्लॉवर भाजा, नाहीतर मशरूमचं सारण भरून पफ पेस्ट्री करा, तिन्ही चालतात. नाताळचं जेवण बिघडतं ते ग्रेव्हीवरून.

मुलगी व्हीगन झाली त्या वर्षी मी तिच्यासाठी वेगळा नट रोस्ट केला आणि मला वाटलं, झालं आपलं काम. ग्रेव्ही मात्र मांसाच्या रसातलीच होती. वाढता वाढता दादाने तिच्याही ताटात पळीभर ओतली. "थोड्याने काय होतं?" ती काही बोलली नाही. ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नुसता पाव खाल्ला. मी तेव्हा दादाला एका शब्दाने बोलले नाही, ते अजून सलतं.

पुढच्या वर्षी ग्रेव्ही एकच केली, सगळ्यांसाठी. सुके मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले. ते पाणी फडक्यातून गाळून घ्या, तळाशी रेती असते. कांदा मंद आचेवर चांगली चाळीस मिनिटं परतला, अगदी गडद होईपर्यंत, मग टोमॅटो पेस्ट घालून तीही भाजली. तेलात तांबूस केलेला मैदा, मशरूमचं पाणी, शेवटी सोया सॉस. दादाने तीनदा मागून घेतली. त्यात मांस नाही हे कळल्यावर म्हणाला, "तरीच काहीतरी कमी वाटत होतं." कमी वाटत होतं तर तीनदा कशी घेतली?

मांसाशिवाय ग्रेव्हीला ती भरीव, रुचकर चव येतच नाही, हे दादाचं ठाम मत. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ही चव, म्हणजे उमामी, ग्लुटामेट या घटकाची असल्याचं दाखवलं, आणि ते त्याने वेगळं काढलं कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून, मांसातून नव्हे. टोमॅटो आणि सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं. सुक्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हा तीच चव खुलवणारा घटक असतो आणि दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटीने वाढते. म्हणून सुकेच मशरूम घ्या, ताज्यांनी हे काम होत नाही.

केकचं सोपं आहे. नाताळच्या केकमध्ये सुका मेवा इतका असतो की अंड्याचं काम फुगवण्यापेक्षा बांधून ठेवण्याचंच जास्त. एका अंड्याऐवजी चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मेरिंगसाठी (एरवी अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून करतात ती मिठाई) डब्यातल्या काबुली चण्यांचं पाणी फेटा. जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने २०१४ मध्ये त्याचा फेस अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो हे दाखवलं. डबा बिनमिठाचा घ्या.

आता "बहुतांशी" या शब्दाबद्दल. आमच्याकडे आईसाठी अंड्याचा केक होतो, वेगळ्या ताटात, वेगळ्या सुरीसह. दादा म्हणतो, करायचं तर पूर्ण करा, नाहीतर सोंग कशाला. व्हीगन हा शब्द ज्यांनी दिला त्या इंग्लंडमधल्या १९४४ सालच्या व्हीगन सोसायटीच्या आजच्या व्याख्येतही "शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर" असं लिहिलेलं आहे. ऐंशी वर्षांच्या आईचा केक काढून घेणं मला शक्यही नाही आणि व्यवहार्यही नाही. पण म्हणून मुलीच्या ताटात न विचारता काही ओतण्याची मुभा कुणालाच मिळत नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत.

पाहुण्यांपैकी कुणाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे का ते मात्र आधीच विचारा, नट रोस्ट ठेवणार असाल तर विशेषच. वाइन आणणार असाल तर बाटलीवरचं लेबल वाचा. काही वाइन गाळताना अंड्याचा पांढरा किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात. आणि ग्रेव्ही आदल्या दिवशीच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी घट्ट होते, गरम पाणी घालून सैल करायची.