परदेशात फिरताना तिथलं राजकारण आणि रोजचं जगणं जवळून कुठे पाहायला मिळालं?

स्वित्झर्लंडमध्ये. तेही मोठ्या शहरांत नाही, तर डोंगरांनी वेढलेल्या ग्लारुस या छोट्या कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथले मतदार चौकात उघड्यावर जमतात. या सभेला लांड्सगेमाइंडे म्हणतात. कायदे, कर, मोठे खर्च असं बरंच काही तिथे हात वर करून ठरतं. आम्ही पाहुणे दोरीबाहेर उभे होतो. आत मतदार, आणि पार मधोमध, व्यासपीठाच्या पायाशी, शाळकरी मुलं बसलेली. कोणीही मतदार पुढे येऊन बोलू शकतो. हात वर गेले की मोजणी होत नाही. तलवारीवर हात टेकून उभे असलेले अध्यक्ष नजरेनेच बहुमत ठरवतात आणि तोच अंतिम निकाल.

यात नुसती हौस नाही. २००६ साली सरकारने २५ गावपालिकांच्या १० करायचं सुचवलं. एका नागरिकाने मांडलं, तीनच करा. सभेने त्याचंच ऐकलं, आणि २०११ पासून तिथे खरोखर तीनच आहेत! सोळाव्या वर्षी मताधिकारही याच सभेने २००७ मध्ये दिला.

देशपातळीवरचं मतदान वर्षातून चारेक वेळा होतं, बहुतेक लोक टपालानेच मत देतात. मी जिथे राहिलो त्या घरमालकीणबाईंचा लिफाफा जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा. कायद्याने द्यावी लागणारी वर्षाची किमान पगारी रजा चारवरून सहा आठवडे करायचा प्रस्ताव २०१२ मध्ये जवळपास दोन-तृतीयांश मतदारांनी फेटाळला होता. का, म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, "छोट्या दुकानदाराला कसं परवडणार?"

मला ही पद्धत मनापासून आवडते, पण तिची दुसरी बाजूही आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची सामाईक खोली, प्रत्येक घराचा वार ठरलेला. तिथे एक पोर्तुगीज सुतार भेटायचा. कर भरतो, मुलगी तिथल्याच शाळेत, पण नागरिकत्व नसल्याने मत नाही. देशात असे परदेशी नागरिक लोकसंख्येच्या पावभागाहून जास्त आहेत. अपेन्झेल इनररोडेन कँटनमध्ये तर पुरुषांच्या सभेने १९९० मध्येही बायकांना मत नाकारलं. शेवटी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते द्यायला लावलं.

ग्लारुसला जायचं असेल तर झुरिकहून रेल्वेने तासाभराचा रस्ता आहे. सभा सकाळी साडेनऊला सुरू होते, जरा आधीच पोचा. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बिनधास्त विचारा, कशावर मतदान चाललंय. मला तर एका आजोबांनी सगळी विषयपत्रिका समजावून सांगितली.