वडील आमदार, जमीन माझ्या नावावर, आणि आता बेनामी कायद्याची नोटीस

प्रश्न : माझे वडील सलग दोन वेळा, 2019 आणि 2024 मध्ये, आमदार म्हणून निवडून आले आहेत. मी 27 वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. 2017 मध्ये, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मला वसतिगृहातून एका दिवसासाठी गावी बोलावून घेतले आणि महामार्गालगतच्या अडीच एकर जमिनीचे खरेदीखत माझ्या नावे झाले. आता आयकर विभागाकडून बेनामी कायद्याच्या (पैसे एकाने देऊन मालमत्ता दुसऱ्याच्या नावे घेण्याला मनाई करणारा कायदा) कलम 24 ची नोटीस आली आहे. 68 लाखांपैकी 20 लाख वडिलांच्या खात्यातून आणि 48 लाख एका रस्ते कंत्राटदाराच्या फर्मकडून गेले, हे मला त्या नोटिशीतून कळले. वडिलांचे स्वीय सहायक 2017 च्या तारखेचा मुद्रांक घेऊन आले होते. मी त्या फर्मकडून 48 लाख हातउसने घेतले, असा करारनामा त्यावर टाइप केलेला आहे. वडिलांच्या वकिलांनी आम्हा दोघांसाठी एकच वकीलपत्रही तयार करून पाठवले आहे. करारनाम्यावर सही करू, की मला काहीच ठाऊक नव्हते असे सांगू, की जमीन बक्षीसपत्राने वडिलांना परत देऊन मोकळी होऊ? आणि खरे सांगितले तर वडिलांचे काय होईल?

उत्तर : सर्वांत आधी त्या करारनाम्याविषयी. त्यावर सही करू नका. नोटिशीत आज तुमच्यावर जो आक्षेप आहे तो 19 वर्षांच्या मुलीने वडिलांच्या सांगण्यावरून केलेल्या सहीचा आहे, आणि त्याला देण्यासारखे उत्तर तुमच्याकडे आहे. मागील तारखेच्या कागदावरची सही मात्र 27 वर्षांच्या, शिकलेल्या, नोटीस वाचलेल्या स्त्रीची असेल आणि तिला उत्तर नसेल. चौकशीत खोटा कागद दाखल करणे हा बेनामी कायद्याच्या कलम 54 खाली स्वतंत्र गुन्हा आहे व त्याला सहा महिने ते पाच वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेतील बनावट दस्तऐवज आणि खोटा पुरावा रचण्याची कलमे वेगळी लागू शकतात. हा बनाव टिकणाराही नाही. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत मुद्रांक कोणाला आणि कधी विकला हे लिहिलेले असते. दुसरे असे की, 2019 च्या निवडणुकीत वडिलांनी नमुना 26 मध्ये जे प्रतिज्ञापत्र दिले त्यात अवलंबित मुलांची मालमत्ता आणि देणी, दोन्ही दाखवणे बंधनकारक होते. त्या वेळी तुमचे स्वतःचे उत्पन्न नसेल तर तुम्ही अवलंबित होता. 48 लाखांचे देणे त्यात नसेल, तर आज अवतरलेला करारनामा त्यांच्याच प्रतिज्ञापत्राने खोटा ठरेल. ते प्रतिज्ञापत्र जाहीर कागद आहे; त्याची प्रत तुम्ही स्वतः मिळवा आणि जमीन त्यात दाखवली आहे का तेही पाहा. दाखवली असेल तर ती लपवलेली नव्हती, हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा होईल.

"मला काहीच ठाऊक नव्हते" हे उत्तर वरवर सुरक्षित वाटते, पण या कायद्यात ते धोक्याचे आहे. बेनामी व्यवहाराच्या व्याख्येत, ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला मालकीची माहिती नसणे किंवा त्याने ती नाकारणे, हाच व्यवहार बेनामी ठरण्याचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून कलम 2 च्या खंड 9 मध्ये दिला आहे. शिवाय तुम्ही पाठवलेल्या खरेदीखताच्या प्रतीत दुय्यम निबंधकांसमोर काढलेले तुमचे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा आहे. तेव्हा जे खरे आहे तेच, त्याच्या मापात सांगा : खरेदी होत आहे हे ठाऊक होते, सही स्वतः केली, वय 19 होते, उत्पन्न नव्हते, पैसे कोणी दिले ते सांगितले गेले नाही, आणि त्यानंतर जमिनीचा ताबा व उत्पन्न अमुक व्यक्तीकडे राहिले. कलम 53 खालील शिक्षा कठोर आहे, एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड; परंतु ती कायद्याला बगल देण्यासाठी, शासकीय देणी चुकवण्यासाठी किंवा धनकोंना टाळण्यासाठी केलेल्या व्यवहाराला आहे. तुमच्या बाबतीत तो हेतू सिद्ध करणे सोपे नाही.

आता पैशांचे दोन भाग वेगळे करून पाहू, कारण सगळे प्रकरण तिथे आहे. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून अपत्याच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही, अशी स्पष्ट सवलत कायद्यात आहे. (सून, जावई किंवा पुतण्या यांच्या नावे एकट्याने घेतलेल्या मालमत्तेला ती मिळत नाही, राजकीय घराण्यांत हा फरक फार उशिरा लक्षात येतो.) वडिलांच्या खात्यातील 20 लाख त्यांच्या आयकर विवरणपत्रांशी जुळत असतील, तर त्या भागापुरते तुमचे सत्यकथन वडिलांच्याही उपयोगाचे आहे. 48 लाखांना ही सवलत लागू होत नाही. ती रक्कम फर्मने का दिली याचे उत्तर तुमच्याकडे नाही आणि तुम्ही ते तयार करू नये. वडील आमदार झाले ते 2019 मध्ये; पण 2017 मध्येही ते एखाद्या सार्वजनिक पदावर असल्यास व फर्म शासकीय कामे घेत असल्यास हा प्रश्न भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याकडेही जाऊ शकतो.

म्हणूनच दोघांसाठी मिळून जे वकीलपत्र तयार करून पाठवले आहे, तेही परत करा आणि आपला वकील वेगळा करा. वडिलांचे वकील कितीही जुने आणि घरोब्याचे असोत, इथे तुमचे आणि वडिलांचे हित एक नाही. तुमच्या वकिलांनी कलम 55 अ चा विचार अवश्य करावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार, ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याने सर्व परिस्थिती पूर्ण आणि खरी सांगितली, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने त्याला कलम 53 च्या शिक्षेपासून अभय देता येते. लाभार्थी मालकाला, म्हणजे ज्याच्या फायद्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे घेतली त्याला, ते मिळत नाही. हे अभय इतर कायद्यांना लागू नाही आणि त्याने जमीन वाचतेच असे नाही. जमीन शेवटी सरकारजमा झाली तर तिचे दुःख करू नका, असे मी वडीलकीच्या नात्याने सांगेन.

बक्षीसपत्राचा विचार सोडून द्या. बेनामी मालमत्ता लाभार्थ्याला परत करण्यास कलम 6 ची मनाई आहे आणि नोटिशीनंतरचे हस्तांतरण या कार्यवाहीपुरते विचारात घेतले जात नाही. नोटिशीला उत्तर देण्याच्या मुदतीचे म्हणाल तर ती वाढवून मागता येते, पण नोटीस ज्या महिन्यात निघाली त्या महिन्याच्या अखेरपासून तीन महिन्यांपलीकडे नाही. मुदतवाढीचा अर्ज याच आठवड्यात लेखी द्या.

शेवटचा प्रश्न तुम्हाला सर्वांत जास्त छळतो आहे, हे पत्रावरून जाणवते. पती-पत्नींमधील संभाषणाला साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे. बाप-लेकीच्या संभाषणाला नाही. शपथेवर विचारले गेले तर तुम्हाला सांगावे लागेल. परंतु तुम्ही काय लिहून देणार आहात हे वडिलांना आधी सांगण्यास कायद्याची कसलीही आडकाठी नाही. स्वीय सहायकाकरवी नको, फोनवर नको; घरी जाऊन, दोघांनीच बसून सांगा. लाभार्थी म्हणून त्यांचे नाव पुढे आले असेल, तर नोटिशीची प्रत त्यांनाही जाते आणि 48 लाखांचा खुलासा करण्याची संधी त्यांना स्वतंत्रपणे मिळते.

करारनाम्याचा तो कागद अजून तुमच्याकडे असेल, तर तो फाडू नका आणि कोणी मागायला आले तरी देऊ नका. आहे तसा, सही न करता, लखोट्यात घालून आपल्या वकिलांच्या हवाली करा आणि पोच घ्या.