चष्म्याचा नंबर नाही, तरी कडेचं दिसत नाही. एर्डहाइम-चेस्टर या दुर्मीळ आजारात गेलेली नजर परत येते का?

हा प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात, तू वेंधळा झालायस." त्या एका वाक्यासाठी लिहायला बसलो. हेच मी दीड वर्ष ऐकलं, सख्ख्या मोठ्या भावाकडून.

दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, कधी डावा, कधी उजवा. बाजूने कुणी आलं की दचकायचो. दादाचं एकच, "लक्ष कुठे असतं तुझं?" डोळे दोनदा तपासले, दोन्ही वेळा 6/6. दादाला तेवढं पुरलं. पण तक्ता वाचताना माणूस मधोमध बघतो. कडेची नजर पार गेली तरी शेवटची ओळ वाचता येते. त्याच काळात रात्री चार-चारदा उठून तांब्याभर पाणी पीत होतो, रक्तातली साखर मात्र नॉर्मल. गुडघ्यांच्या वर-खाली हाडं ठणकायची. या सगळ्याची सांगड कुणीच घातली नाही.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी फील्ड टेस्ट करायला लावली. हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकेना. "मशीन बंद पडलं का?" मी विचारलं. ती टेस्ट घेणारी मुलगी हळूच म्हणाली, "नाही काका, चालूच आहे." कागद हातात आला तेव्हा दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथेच पिट्युटरीच्या (मेंदूखालची ग्रंथी, शरीरातलं पाणीही तीच सांभाळते) देठाजवळची गाठ दाबत होती. नडगीच्या हाडातून बायोप्सी घेतली, त्यात एर्डहाइम-चेस्टर निघाला: एका प्रकारच्या पेशी हाडांत आणि अवयवांत साचत जातात, तो हा आजार. सोबत बीआरएएफ व्ही600ई हा जनुकातला दोषही निघाला. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो सापडतो.

तर, परत येते का? नस नुसती दबली असेल तर येते, तंतू मेले असतील तर नाही. ओसीटी (डोळ्याच्या आतल्या थरांचं स्कॅन) करून घ्या. तंतूंचा थर शाबूत असेल तर आशा जास्त. त्या दोषावरच्या वेमुराफेनिब या औषधाने (अमेरिकेत या आजारासाठी 2017 मध्ये मंजूर) माझी गाठ आटली. डावीकडचं बरंच परत आलं, उजवी कड गेली ती गेलीच.

दादा अजून म्हणतो, "दिसत नव्हतं तर सांगायचंस ना!" काय सांगणार? डोळ्यांपुढे काळा पडदा येत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, आणि आपल्याला सगळं दिसतंय असंच वाटतं. घरच्यांना समोर बसवा. एक डोळा झाका, समोरच्याच्या नाकाकडे बघत राहा, आणि त्यांनाच पेनाचं लाल टोपण कडेकडून आत आणायला सांगा. लाल रंग कुठे उमटतो ते त्यांचं त्यांना कळू दे.

बीआरएएफ दोष नसेल तर औषध बदलतं. 2022 मध्ये मंजूर झालेलं कोबिमेटिनिब त्यातलंच, पण त्याने डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठू शकतं, म्हणून डोळे तपासत राहावं लागतं. आणि गाडी चालवत असाल तर आजपासून बंद. मी ते दीड वर्ष चालवत होतो, दादाला मागे बसवून.